मागून उजेड

चहा निवायच्या आत सांगते, ऐका. आमच्या मंगलला तिच्या मामाने दुबईहून कॅल्क्युलेटर पाठवला होता, पडद्यावर रेघांची नक्षी काढणारा. पण आमची खोली जिन्याखालची, दिवसाही काळोख. पोरीला काही दिसेना.

आमचे हे संपाआधी गिरणीत कापड तपासायचे. काचेखाली दिवा, वरून कापड सरकायचं, की चूक लगेच दिसायची. गिरणी गेली, तेव्हापासून नुसते भिंतीला टेकून बसायचे. त्या दिवशी एकदम म्हणाले, “उजेड मागून पाहिजे. आण इकडे.”

“अहो, मोडाल! परीक्षा आहे तिची,” मी म्हटलं. ऐकतात कुठे? गणपतीच्या माळेतला बारका दिवा काढला, कॅल्क्युलेटर उघडला, पडद्यामागचा चंदेरी कागद सोलून दिवा बसवला. पडदा हिरवागार उजळला. मंगलने रेघ काढली, तर मध्येच एक उभी फट!

यांच्या कपाळाला आठ्या. “धागा तुटलाय. कुणाच्या मागावरचा माल हा? बोलवा त्याला!”

पण बोलवणार कुणाला? माग चालवणारे सगळे कधीचे गावी गेलेले.

फट पडली होती यांच्याच हाताने, पण मंगल उठली, मान खाली घालून समोर उभी राहिली. “माझ्याच मागावरचा, साहेब.”

मग काय! यांनी तिला असं झापलं, असं झापलं, की शेजारीण धावत आली. “काय गो, भांडण?”

म्हटलं, “नाय गो. आमची गिरणी सुरू झाली.”