कपाळावरची आठी

—नाही हो, प्लग नाहीत. तुम्ही म्हणाल आधी प्लग बघ, तर बघितले. एकेक वायर काढली, कोरडं फडकं धरून, तुम्ही काढायचात तशी—आणि दरवेळी गाडी आणखीच अडखळली. म्हणजे सहाही प्लग काम करतायत. जो काढून फरक पडत नाही तो मेलेला, असंच ना? हो म्हणायचं असेल तर डोळे मिटायचे, ठरलंय आपलं. नका मिटू. राहा तोंडात मूग धरून. सकाळपासून बाज उन्हात ओढलीय, उशी लावून तुम्हाला कुशीवर वळवलंय, तोंड गाडीकडे केलंय, आता बघा तरी तिच्याकडे—कशी थरथरतेय, हिव भरल्यासारखी. रेस दिली की सरळ, रेस सोडली की धडधड, फुस्स, धडधड, आणि बंद. स्लोला राहतच नाहीये. आणि आपल्या सुयशचं पुण्याचं विमान उतरलंसुद्धा असेल. पालमहून गुडगाव ते काय लांब, टॅक्सीनं आत्ता येऊन टपकेल तो.

मग म्हटलं जेटमध्ये कचरा अडकला असेल. कार्बोरेटर उघडला—हसू नका, उघडला मी!—जेट काढला, तोंडानं फुंकला, जिभेवर अजून पेट्रोलची चव आहे. कचरा? काही नव्हता, लख्ख. परत बसवला, पुन्हा तेच रडगाणं. भिंतीवरून ती हेमलता ओरडते, काकू, मेकॅनिकला बोलवा ना यार, हे काय करताय! ह्या हेमलताचंच सामान आपण करोल बागेतून हिच्यातून आणलं होतं, आठवतं? तिचं कपाट उतरवताना तुम्ही तिच्या नवऱ्याला झापलं होतंत. मेकॅनिक कशाला बोलवू? तो येणार आणि म्हणणार, आंटी, ये मिलिटरी की नीलामी का माल है, इसमें डीज़ल का इंजन डलवा लो. इतकी वर्षं जो येतो तो हेच सांगतो आणि तुम्ही त्याला गेटापर्यंत पोचवून येता. अन् खरं सांगू? मला गाडी नीट व्हायला नकोच आहे. म्हणजे हवीय. म्हणजे—तुमच्या हातून हवीय.

आता सांगूनच टाकते. रागवायचं तर रागवा, तेच तर हवंय मला. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर काय म्हणाला ते तुमच्यासमोरच म्हणाला, नरसिंहजी को अब कुछ पता नहीं चलता. सुयशनं फोनवर तेच धरून ठेवलंय—आई, बाबा आता नुसता श्वास घेतात, समजून घे. पण घरी आणल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी सुरू केली, ती मिसिंग करायला लागली, एकेक ठोका गाळायला लागली, आणि वळून बघते तर तुमच्या कपाळाला आठी! बारकीशी नाही, चांगली ठसठशीत, मी आमटीत मीठ विसरले की पडायची ती. स्क्रू फिरवून मी स्लो सेट केला आणि आठी गेली. गेली हो, इस्त्री केल्यासारखी. त्या दिवसापासून रोज सकाळी, देवाला फूल वाहायच्या आधी, मी मुद्दाम तो स्क्रू बिघडवत आलेय. तुमच्या गाडीचे हाल केले मी, का, तर तुम्ही माझ्यावर वैतागावं म्हणून. रोज वैतागलात. सुयशला सांगितलं तर म्हणतो, आई, तो नुसता स्नायू उडतो गं. स्नायूला कळतं का मिसिंग? मी म्हटलं, ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बघून पटलं तर इथंच राहू दे आम्हाला. नाही पटलं तर तुझ्या मनासारखं कर—म्हणजे तुम्ही पुण्याच्या त्या नर्सिंग होममध्ये, मी त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी मायापुरीच्या भंगारात. असं कबूल करून बसलेय मी. इतकी खात्री होती माझी.

आणि आज बघा! आज मी स्क्रूला बोटसुद्धा लावलं नाही, गाडी आपली आपणच बिघडलीय, आणि तुमचं कपाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं. अहो, असं करू नका. आजच्या दिवशी नको. मला भीती वाटतेय हो. रात्रीतून कुठे निघून गेलात का मला न सांगता? जायचं असेल तर जा, पण तो येऊन गेल्यावर जा—काय बोलतेय मी हे, जळो माझी जीभ. कुठे जायचं नाही. डोळे मिटा. एकदाच मिटा ना.

थांबा. चोक. चोक राहिलाच की! थांबा, आलेच—ऐका! ऐकलंत? चोक ओढला की सुधारतेय. म्हणजे पेट्रोल कमी नाही, हवा जास्त होतेय, कुठून तरी फुकटची हवा ओढतेय बया. तुम्हीच तर शिकवलंत, बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडायचात, कल्पना, रेस! आणि मी आत बसून पाय दाबायची आणि तुमचं सगळं पुराण ऐकायची. हवा कुठून जाते ते कसं शोधायचात? नळीनं. ती रबरी नळी, एक टोक इंजिनावर, एक कानात, मोठे डॉक्टरच! इथं सीटखालीच असते—सापडली. पण मला कुठलं कळायला, मला सगळीकडे फुस्सच ऐकू येतं. तुम्ही ऐका. डावा कान द्या, उजवा तर मिलिटरीतच गेला तुमचा, द्या इकडे डोकं, असं—

अरे देवा. डावा कान. अहो, मी तुम्हाला डाव्या कुशीवर निजवलंय! चांगला कान उशीत दाबून टाकला मी, आणि सकाळपासून बहिऱ्या कानाशी भांडतेय. गाडी दिसावी म्हणून आजच वळवलं हो. तुम्ही कधी बघायचात तिच्याकडे? तुम्ही ऐकायचात. चुकलं माझं. उताणे व्हा बघू, असे. हं, आता धरा नळी. हे कार्बोरेटरचं बूड—काही नाही. हा जोड—काही नाही. हा ब्रेककडे जाणारा हवेचा पाईप, इथं वर... इथं खाली...

अगं बाई!

पुन्हा. नळी बाजूला घेते—गेली. परत खाली आणते—आली! आली आठी! थांबा, बोट घालून बघते, आहे, चीर आहे, खालच्या अंगाला, वरून दिसतच नव्हती मेली. तुम्ही काढलीत शोधून. पडल्या पडल्या काढलीत. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळते, घट्ट, अजून एक वेढा—ऐका. ऐकताय? काय सुरेख बसली! शिवणयंत्र चालावं तशी. आणि तुम्ही डोळे मिटलेत. हो म्हणालात? का झोप लागली? अहो, झोपू नका, टॅक्सीच आली ती, गेटाशी थांबली, झोपू नका ना! तो बघेल काय आता? मुकाट चालणारी गाडी आणि झोपलेला माणूस! उघडा डोळे. हां. शहाणे ते. माफ करा हं, पुन्हा बिघडवतेय.

ये सुयश. बॅग ठेव. पाया नंतर पड. नाही, चहा नाही, बोलूच नकोस काही, इथं उभा राहा आणि बाबांच्या कपाळाकडे बघ. मी हा पाईप काढतेय. कपाळाकडे बघ हं. काढला—

बघितलंस? आली ना? अरे, तिकडे, बाबांकडे! गाडीकडे काय बघतोस, सांगितलं काय मी तुला! फुटत नाही ती, अशीच थरथरते! मला कशाला मागे ओढतोस, सोड हात—बंद पडली. घे. पडली बंद.

नाही, पुन्हा नाही दाखवणार. तमाशा आहे का तो? आत जा. हातपाय धू, वरणभात झाकून ठेवलाय. आणि बायकोला, शिवांगीला, फोन करून सांग, आई येत नाहीये. दोघंही येत नाहीयेत. कबूल केलं होतं, हो, केलं होतं. मोडलं. जा आत.

गेला. त्यानं नाही बघितलं हो. मी बघितलं. अजून आहे ती आठी तिथंच. थांबा, लावते पाईप, लावते—किती त्या आठ्या!