कर्नलसाहेबांची बेचाळीस पत्रं

संपादिका : पण काकू, पत्रसंग्रहातली सगळ्यात झकास पत्रं तीच आहेत. काकांनी कर्नलसाहेबांना लिहिलेली ही बेचाळीस पत्रं गाळली तर उरतं काय? टाइपरायटर बिघडल्याच्या तक्रारी.

काकू : तक्रारी वाचतील लोक. हेरकथांचा एवढा मोठा लेखक चिडला की कसा लिहितो, ते कळेल.

संपादिका : कर्नलांच्या घरच्यांची परवानगी मी आणते. त्यांच्या घरी आता कोण असतं, तेवढं सांगा.

काकू : त्यांना घरचं कुणी नाही. चहा घे आधी, निवतोय.

संपादिका : काकू.

काकू : अगं, कर्नल नव्हताच कुणी. मीच होते. झालं समाधान?

संपादिका : तुम्ही?

काकू : ह्यांच्या पहिल्या कादंबरीतला हेर तीन दिवस मालगाडीत लपतो आणि पाण्याचा घोटही घेत नाही. मी म्हटलं, अहो, हा माणूस आहे की भूत? तर दोन दिवस अबोला. मग मी तेच पत्रात लिहिलं. अक्षर बहिणीचं, पत्ता तिचा, खाली सही निवृत्त कर्नलची. तर हे पत्र नाचवत आले. म्हणे, बघ, याला म्हणतात जाणकार.

संपादिका : म्हणजे तो पुलाखालचा सुरुंग, बर्फातला पाठलाग...

काकू : सगळं ओट्याशी उभं राहून सुचलेलं. मी युद्ध कुठे पाहिलंय? सासर पाहिलंय.

संपादिका : मग लपवता कशाला? लोक तुम्हाला डोक्यावर घेतील.

काकू : आणि ह्यांना हसतील. हेरांचा बादशहा, आणि घरातली बायको ओळखता आली नाही. वीस वर्षं फसवलं मी त्यांना, आणि ते तसेच गेले. माझ्या मनाला खातं ते. आता चारचौघांत त्यांना बावळट ठरवू?

संपादिका : थांबा. काकांनी पत्रांच्या कार्बन प्रती ठेवल्या होत्या ना, त्या फाइलच्या तळाशी हे पाकीट होतं. कर्नलांचा पत्ता, वर तिकीट, पण पोस्टात टाकायचं राहिलेलं. मी वाचलं, तेव्हा अर्थ लागला नव्हता. आत्ता लागला.

काकू : चष्मा आत राहिलाय. तूच वाच.

संपादिका : “प्रिय कर्नलसाहेब, खोकला बरा आहे. खोकल्याचं मी तुम्हाला कधी कळवलंच नव्हतं. तरी तिसऱ्याच पत्रात तुम्ही मला गुळण्या करायला सांगितल्यात, तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं.”

काकू : तिसऱ्याच पत्रात? आणि पुढे वीस वर्षं मला कर्नलसाहेब म्हणत राहिले?

(काकू पदर तोंडाला लावून हसतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.)

संपादिका : पुढे ऐका ना. “बोललो नाही, कारण तोंडावर कुणी चूक दाखवली की मी रुसतो. कागदावर मात्र तुमचं सगळं ऐकलं. बोललो असतो तर तुमची पत्रं थांबली असती, आणि मग मी लिहायचं कुणासाठी?”

काकू : छाप. सगळीच्या सगळी छाप.

संपादिका : हेसुद्धा?

काकू : त्याची नक्कल करून घे. पाकीट इकडे दे. मला आलेलं पत्र आहे ते.