दिवाळखोरीचे पेढे

तुम्ही पेढे कशाकशाचे खाल्लेत? मी दिवाळखोरीचे खाल्लेत, सिडनीतल्या गिरावीनमध्ये, लॉकडाऊनमध्ये.

आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या निलेशचा ट्रॅव्हलचा धंदा विमानांबरोबरच बसला. शेवटी बँकरप्सीचा अर्ज करायची वेळ आली. त्याला कर्जाबाबत सल्ला देणाऱ्या काउन्सेलरची अट होती की आधी पैशांच्या नियोजनाचा ऑनलाइन कोर्स करायचा, त्याची परीक्षा द्यायची आणि शुक्रवारी पाचच्या आत सर्टिफिकेट पाठवायचं, नाहीतर केस मागे पडेल. हा लाजेपायी रोज टाळायचा. हे फक्त मला माहीत होतं, आणि बॉर्डर बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या त्याच्या आईला.

शुक्रवारी काकूंनी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. "परीक्षा आहे ना? मग द्यायची." पाच वाजायच्या जरा आधी सर्टिफिकेट गेलं.

लगेच काकू मिल्क पावडरचे पेढे घेऊन निघाल्या. दारात वाटी ठेवायची, बेल वाजवायची, दीड मीटर मागे सरायचं आणि मास्कमधून ऐकू जावं म्हणून ओरडून सांगायचं, "निलेश पास झाला."

"कशात, काकू?" समोरच्या दारातून प्रश्न आला.

"दिवाळखोरीच्या कोर्सात."

मी जिन्यातच थिजलो. निलेश धावत आला. "आई, अगं हळू बोल."

"का? चोरी केलीयेस?"

एवढं बोलून त्या पुढच्या दाराकडे वळल्या. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

संध्याकाळी निलेशचा फोन वाजायला लागला. पेढे पोचलेल्या घरांतूनच फोन होते. टोमणा कुणीच मारला नाही. सगळे दबक्या आवाजात एकच विचारत होते, "अरे, त्या कोर्सची लिंक पाठवतोस का?"