कचेरीतले पाच चाकू

चाकूचंही वेड लागतं, हे तुम्हाला पटायचं नाही, पण मला लागलं होतं. स्वातंत्र्य नवंनवं होतं आणि मी धुळ्याला एका कचेरीत कारकून होतो. मामाने मुंबईहून जर्मन चाकू आणून दिला, तो मी कचेरीत सगळ्यांना दाखवला. झालं! बघता बघता उरलेल्या चौघांनीही असेच भारी चाकू मिळवले. हेडक्लार्क नानांचा तर शिंगाच्या मुठीचा, विलायती.

त्या दिवसांत आमच्यातल्या एकाची पिंपळनेरला बदली होणार होती आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तरी दुपारच्या सुट्टीत वाद पेटला, कुणाचं पातं सरस?

नाना म्हणाले, "हातात देऊ नका रे, भांडणं होतात. उघडून टेबलावर ठेवा."

आम्ही ठेवले आणि बाह्या सरसावून वाकलो, तोच दार उघडलं. पुण्याहून आलेले नवे साहेब! बदली कुणाची, ते सांगायलाच आले होते. त्यांनी चाकू पाहिले, मग आम्हाला पाहिलं.

दोंडाईच्याच्या सीतारामला आयताच परीक्षक सापडला. चाकू उचलून तो आनंदाने पुढे झाला. "या साहेब! बठ्ठा तुमनीच वाट देखी राह्यनात!"

सगळे तुमचीच वाट पाहताहेत, एवढं साहेबांना नेमकं कळलं.

"काही नाही, काही नाही. चालू द्या तुमचं," म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.

पिंपळनेरला माणूस गेला, तो जळगावहून मागवलेला.