बल नऊ

सुमंत – अक्का, चार वाजता परवाना शाखा बंद होते. या फॉर्मवर सही कर, रायफल जमा करून येतो, विषय संपला. त्यासाठी इथं रायापूरच्या चांदमारीच्या मैदानावर उन्हात चटईवर पालथं पडायचं कारण काय, ते तरी सांग.

वेदश्री – कारण काही नाही. एकदा मारून बघायची आहे.

सुमंत – अप्पांना जाऊन अडीच महिने झाले. वारस आई आणि आपण दोघं; आईनं आपल्यावर सोडलंय. परवाना तुझ्या नावावर करा, नाहीतर माझ्या नावावर करा, नाहीतर रायफल सरकारजमा करा. मला नको. तुला बंदूक धरता येत नाही. राहिलं काय?

तुकाराम – सरकारजमा केल्यावर तिचं काय होतंय ठाऊक हाय काय, वकीलसाहेब? एक दिवस भट्टीत घालत्यात.

सुमंत – लोखंडच आहे ते, तुकारामकाका. सैन्यानं भंगारात काढलं, अप्पांनी लिलावात उचललं. महायुद्धातला शिक्का आहे तिच्यावर. आता ऐंशी वर्षांची झाली.

तुकाराम – भंगार म्हणू नका. मी पलटणीत बावीस वर्सं काढली, मला विचारा. ही पॉइंट टू टू. माणूस मारायला न्हाई केलेली, रंगरूटांना शिकवायला केलेली. म्हणून तर तुमच्या अप्पांना, आमच्या मास्तरांना आवडली. दोघांचा धंदा एकच.

वेदश्री – काका, कशी धरायची तेवढं सांगा. आणि मी मारलेली चालेल ना इथं?

तुकाराम – क्लबची परवानगी काढलीय, मी डोक्यावर उभा हाय. मार. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाब. गाल लाकडाला टेकव. मागच्या गोल भोकातनं पुढची माशी बघ, त्या माशीवर लांबचा काळा गोळा ठेव. अर्धा श्वास सोड. मग चाप ओढायचा न्हाई. नुसता दाबत ऱ्हायचं. बार कधी झाला ते तुलाच कळता कामा नये.

वेदश्री – लाकडाला वास आहे.

तुकाराम – जवसाचं तेल. मास्तर दर दिवाळीला लावायचे.

सुमंत – होय, नरकचतुर्दशीला. पहिलं अभ्यंग हिला, मग आम्हाला. आई चिडायची.

(पाच बार. प्रत्येक बारानंतर बोल्ट मागे ओढल्याचा आवाज.)

सुमंत – द्या ती दुर्बीण. हं. काळ्यात एकही नाही! सगळ्या उजवीकडे, कागदाच्या पार कडेला. घ्या. नळी वाकडी आहे, अक्का. ऊठ आता.

तुकाराम – तडी, तडी. जरा थांबा. भोकं किती दिसत्यात?

सुमंत – एक. मोठं आहे... नाही, पाच असावीत. एकमेकांत मिसळलीत.

तुकाराम – बोराएवढ्या जागेत पाच. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरलेल्या बाईनं. वाकडी नळी अशी मारत न्हाई वकीलसाहेब, ती चारी दिशांना उधळती. नळी सरळ हाय. पोरीचा हातबी सरळ हाय.

वेदश्री – मग सगळ्या उजवीकडे कशा गेल्या?

तुकाराम – तेच म्हणतोय मी. गेली दोन-तीन वर्सं मास्तर मला हिला हात लावू देत नव्हते. ‘मीच पुसतो’ म्हणायचे. काही लिहून ठेवलंय काय त्यांनी?

वेदश्री – त्यांची नेमाची वही आणली आहे मी. ही घ्या.

तुकाराम – चष्मा ऑफिसात ऱ्हायला. तूच वाच.

वेदश्री – तीन वर्षांपूर्वीपासून वाचते. ‘बारा जानेवारी. वारा नाही. बल दोन.’ जूनमध्ये ‘बल तीन’. पुढच्या वर्षी ‘बल पाच’. मागच्या दसऱ्यानंतर ‘बल सात’. आणि शेवटचं पान, या फेब्रुवारीतलं. ‘बल नऊ.’

सुमंत – बल म्हणजे?

वेदश्री – अंगातलं बल. दिवसकार्य झाल्यावर मी वही उघडली. सुमंत, हिवाळाभर ते जिना चढताना दोनदा थांबायचे. आणि इथे बघावं तर बल वाढत चाललेलं. घरी पाच पायऱ्या होत नव्हत्या, पण इथे आले की त्यांना जोर येत होता, असं मी समजले. ते वाचून मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. तू कारण विचारलंस ना? हे कारण.

सुमंत – आधी सांगितलं असतंस तर मी घड्याळ बघितलं नसतं.

तुकाराम – वेदश्री, तू शाळा कुठल्या भाषेत शिकलीस ग?

वेदश्री – कन्नड. दहावीपर्यंत.

तुकाराम – मग एड आन् बल विसरलीस काय?

सुमंत – अरे देवा. एड डावी, बल उजवी बाजू!

वेदश्री – पण... वही मराठीत आहे.

तुकाराम – वही मराठीत, चांदमारी कन्नडात. हितं समदे कन्नडातच ओरडत्यात. एडक्क सरक, बलक्क घे. ह्या मैदानावर मास्तरांच्या तोंडनं मी ‘उजवीकडं’ कधी ऐकलं न्हाई.

सुमंत – आणि अक्का, जोराला अप्पा ‘बळ’ म्हणत. चांगला ठणठणीत ळ. ‘बल’ कधी म्हणाले ते?

वेदश्री – लिहिताना माणूस जरा संस्कृत होतो, असं वाटलं मला.

सुमंत – अप्पा? ते तर आमचे निबंध तपासताना ‘प्रयत्न’ खोडून ‘खटपट’ लिहायचे.

तुकाराम – आता हे बघ. साइटच्या बाजूला ही चकती. फिरवली की खट् करती. एका खटक्याला गोळी थोडी बाजूला सरकती. मधल्या रेघेपास्नं मोजतो... नऊ. बरोबर नऊ खटके बलक्क.

वेदश्री – एवढी कशासाठी सरकवली असेल?

तुकाराम – गोळ्या डावीकडं जायला लागल्या असतील. नळी तीच, हात तोच. मग बदलला असंल तर डोळा.

सुमंत – त्यांनी डोळ्याचं कधीच काही सांगितलं नाही. तुम्हाला माहीत होतं?

तुकाराम – न्हाई. टार्गेटचा कागद ते स्वतः जाऊन काढायचे, घडी घालून खिशात. मला वाटलं गुण कमी पडत्यात म्हणून लाजत्यात. काहींच्या डोळ्यात मधोमध डाग पडतोय बघ. मग माणूस डागाच्या बाजूनं बघायला शिकतंय.

सुमंत – नवनगरच्या वळणावर स्कूटर घसरली आणि ती विकून टाकली. कंबर साथ देत नाही म्हणाले. मी कमरेचा पट्टा आणून दिला होता त्यांना. सहा महिने लावला त्यांनी तो.

वेदश्री – मला रोज सकाळी फोन यायचा. अग्रलेख वाचून दाखव. मी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत असायची. वाटायचं, लेकीचं मराठी टिकावं म्हणून चाललंय. मी उच्चार चुकले की थांबवायचे सुद्धा.

सुमंत – तेही असेल ग.

वेदश्री – म्हणजे बल वाढत नव्हतं. डोळा जात होता. दोन, तीन, पाच, सात, नऊ.

तुकाराम – तसं म्हटलंस तर तसं. फेब्रुवारीत गुण किती लिहिल्यात?

वेदश्री – पन्नासपैकी बेचाळीस.

तुकाराम – बघ की! माझे दोन्ही डोळे धड, आन् मी चाळिसाच्या वर जात न्हाई. डोळा जेवढा हलला तेवढी साइट हलवली ग त्यांनी. कुणापुढं रडगाणं न्हाई. दर खेपेला कागद बघायचा, खटका फिरवायचा, पुन्हा आडवं पडायचं. ह्याला तू काय म्हणणार ते म्हण.

वेदश्री – बळच म्हणते.

सुमंत – पण आता ही त्यांच्याशिवाय कुणाच्याच कामाची नाही, असंच ना?

तुकाराम – तसं कसं? दोन वाटा हाईत. साइट अशीच ठेवायची आन् हिनं नेम डावीकडं धरायचा. न्हाईतर नऊ खटके परत फिरवायचे. खरं सांगतो, मला फिरवायला हात होईना. एकदा फिरवली की मास्तर निघाले तिच्यातनं.

सुमंत – मग राहू दे तशीच, अक्का. आहे तशी जमा करू. भट्टीत जायची तर अप्पांच्या खटक्यांसकट जाऊ दे.

वेदश्री – भट्टीत नाही जायची.

सुमंत – बरं. तुझ्याकडे ठेव. पण साइटला हात नको लावूस.

वेदश्री – ते स्वतः किती वेळा हात लावत होते, बघितलंस ना? दोनावर राहिले नाहीत, पाचावर राहिले नाहीत. आज कुठे लागतंय ते बघून फिरवायचे. ते नसताना मी ती नवावर ठेवून बसले, तर मला वही वाचताच आली नाही म्हणायची. काका, कुठल्या बाजूनं फिरवू?

तुकाराम – आपल्याकडं. एकेक करून. घाई न्हाई.

वेदश्री – एक. दोन. फार हळू वाजतं हो. तीन.

सुमंत – थांब. मी मोजतो, तू फिरव. चार. पाच... पाचावर थांबलीस का?

वेदश्री – खटका वाजला का ते ऐकत होते. मोज.

सुमंत – सहा. सात. आठ. सावकाश, अक्का. ...नऊ.

तुकाराम – मधली रेघ आली. आता भर आन् मार. तुझ्या डोळ्यानं.

सुमंत – दुर्बीण माझ्याकडेच राहू दे, काका. पहिली काळ्यात! दुसरीही. तिसरी काळ्याच्या काठावर, आत आहे, मी आतच धरणार. चौथी खाली गेली. पाचवी... तीही खाली.

तुकाराम – तीन रायफलीनं मारल्या. खालच्या दोन तुझ्या. श्वास हलला न्हवं?

वेदश्री – श्वास नाही, काका. दिसेना मला नीट.

तुकाराम – हं. त्याला साइटवर खटका न्हाई. ते आपसूक बसतंय.

सुमंत – मग हा फॉर्म फाडू?

वेदश्री – वकील ना तू?

सुमंत – म्हणूनच विचारलं. फाडायचा नसतो, आडवी रेघ मारायची असते. हे घ्या, मारली. आता वारस म्हणून माझं आणि आईचं ना-हरकत पत्र लागेल. देतो. फक्त रायफल घरात नको. आई अजून तो कमरेचा पट्टासुद्धा कपाटातून काढू देत नाही.

तुकाराम – हितंच क्लबच्या तिजोरीत ऱ्हाईल, मास्तर ठेवायचे तिथं. पर परवान्यासाठी नेमबाजी शिकल्याचा दाखला मिळेस्तोवर सराव करायला लागंल हां. दर रविवारी. पाऊस पडला तरी.

सुमंत – केशवापूरहून मी आणून सोडीन तिला. बघत बसेन. किती वाजता यायचं?

तुकाराम – मास्तर सहाला यायचे. मी दार उघडायच्या आधी कट्ट्यावर बसलेले असायचे.

वेदश्री – मी साडेसहाला येईन.