खाट नंबर चौदाचा डिस्चार्ज

बसा मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं सरकून घ्या, देव काही चावत नाही. आधी एक प्रश्न टाकतो, मग गोष्टीला हात घालू.

प्रश्न असा — सेवा कुठं संपते, आणि वेठ कुठून सुरू होते?

सोपा वाटतो ना? या पुढच्या आजी मान डोलवतायत. आजी, पंचेचाळीस वर्षं आजोबांच्या ताटात तव्यावरची पोळी टाकलीत. ती सेवा की वेठ? नका सांगू. आजोबा शेजारीच बसलेत. आपण दुसऱ्याचं उदाहरण घेऊ, त्यानं घरात शांतता राहते.

तर ऐका. पुण्यात बाणेरला, काचेच्या इमारतीत, नाडीसूत्र नावाची कंपनी. काम काय? दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं. कुठल्या खाटेवर कोण, त्याला औषध कुठलं, घरी कधी सोडायचं — सगळं कॉम्प्युटरवर. तिथं गिरीधर उंब्रजकर कामाला. कराडकडचा, एकोणतीस वर्षांचा, स्वभावानं इतका गरीब की लिफ्टमध्ये कुणी याच्या पायावर पाय दिला तर हाच म्हणायचा, ‘सॉरी, माझा पाय मध्ये आला.’

आणि त्याचे साहेब, चंद्रहास सर. माणूस वाईट नव्हता, मंडळी. तीच तर पंचाईत. वाईट असता तर सोडून जाता आलं असतं. सरांकडे एक मंत्र होता, तीन शब्दांचा — ‘नाहीतर पेशंट दगावेल.’

बटणाचा रंग आजच्या आज बदला, नाहीतर पेशंट दगावेल. मीटिंगला कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर — म्हणा! वा, लगेच पाठ झालं. घरात वापरात दिसतोय मंत्र.

एकदा गिरीधर खाली चहाला गेला. वर आला तर सर दारात उभे. ‘गिरीधर, अकरा मिनिटं लागली तुला. एखाद्या आयसीयूत अकरा मिनिटं म्हणजे काय, याचा विचार कर.’ गिरीधरनं आठवडाभर विचार केला आणि चहा सोडला. लोक काशीला जाऊन काही तरी सोडतात, यानं बाणेरला सोडलं.

आता त्या कंपनीची एक रीत होती. सॉफ्टवेअर तपासायचं म्हणजे एक खोटा दवाखाना लागतो, आणि त्यात खोटे रुग्ण लागतात. मग नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला त्या खोट्या दवाखान्यात दाखल करून टाकायचे. गिरीधरला मिळाली खाट नंबर चौदा. आजार, फुप्फुसात पाणी. प्रकृती, ऑक्सिजनवर. जबाबदार नातेवाईक? चंद्रहास सर. घाईघाईत नव्वद माणसांच्या नावापुढं सरांनी आपलंच नाव भरलेलं. एवढा गोतावळा लग्नातसुद्धा जमत नाही हो.

बरं, दाखल झालेला माणूस सुटायचा कधी? तर कधीच नाही. कारण त्या खोट्या दवाखान्यात डिस्चार्जचं बटणच चालायचं नाही. गिरीधरनं तक्रार नोंदवली होती. त्यावर सरांचा शेरा — ‘तातडीचं नाही. रुग्ण आत येणं महत्त्वाचं.’

चार वर्षं गेली. इकडे कराडला गिरीधरच्या आईला, अनसूयाबाईंना, पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली, आणि दोन्ही वेळा गिरीधरनंच फोन करून पुढं ढकलली. साहेबांनी रजा नाकारली म्हणून नव्हे. यानं मागितलीच नव्हती! मागायची छातीच झाली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘सूज वाढलीय. मंगळवारी सकाळी करायलाच हवं. आता थांबण्यात धोका आहे.’

आईचा फोन आला. ‘तू समोर दिसल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई. डॉक्टरला तसं सांगून ठिवलंय.’

‘अगं आई, असं करून चालतं का?’

‘पोट माझं हाय. तुझ्या कंपनीचं न्हाई.’

सोमवारी सकाळी गिरीधरनं चार वर्षांतला पहिला रजेचा अर्ज टाकला. हजेरीही कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर. क्षणात उत्तर आलं — ‘अर्ज नामंजूर. आपण चार वर्षांपासून रुग्णालयात दाखल असून आजारपणाच्या रजेवर आहात. रजेवरील व्यक्तीस रजा देता येत नाही.’

तो खोटा दवाखाना कुणी तरी खऱ्या हजेरीला जोडून ठेवला होता!

गेला धावत एचआरच्या रेवती मॅडमकडे. त्या म्हणाल्या, ‘तुमचं खरं असेल हो, पण इथं तुम्ही ऑक्सिजनवर दिसताय.’

‘मॅडम, मी तुमच्यासमोर उभा आहे.’

‘ते मला दिसतंय. पण मला दिसलेलं ऑडिटला चालत नाही. आधी डिस्चार्ज घ्या.’

मग काय करतो? बसला आणि ते बटण दुरुस्त केलं. चार वर्षं अडलेलं काम दोन तासांत झालं. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली — ‘जबाबदार नातेवाइकाची संमती आवश्यक.’

आता नातेवाईक कोण, हे मी सांगायला हवं का?

सरांच्या केबिनमध्ये गेला. ‘सर, एक दिवस मला सोडा.’

‘गिरीधर, बुधवारी सोलापूरच्या दवाखान्यात आपलं सॉफ्टवेअर सुरू होतंय. तू उद्या नसलास तर पेशंट दगावेल.’

‘सर, पेशंट मीच आहे.’

सर थांबले. मंडळी, त्या माणसानं खरोखर विचार केला. खाट चौदाचा कागद उघडला, चष्मा वर केला, निरखून पाहिलं. म्हणाले, ‘तुझ्या फुप्फुसात अजून पाणी दिसतंय रे.’

‘ते तुम्हीच भरलंय, सर.’

‘असेल. पण नोंद आहे ना? जबाबदार माणूस म्हणून मी अशा अवस्थेत सोडू कसा?’

‘आणि माझी आई?’

सरांनी अगदी काळजीनं विचारलं, ‘ती सिस्टिममध्ये आहे का?’

गिरीधर केबिनमधून बाहेर पडला. जागेवर येऊन बसला.

आता तुम्हाला दवाखान्यातली एक गोष्ट माहीत असेल. डॉक्टर सोडत नाहीत, नातेवाईक ऐकत नाहीत, आणि रुग्ण म्हणतो मी चाललो — अशा वेळी एक कागद असतो. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे.’ त्यावर दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. ज्याचा जीव, त्याची सही. नाडीसूत्रमध्येही तो कागद होता, आणि तो गिरीधरनंच पहिल्या वर्षी बनवला होता. दुसऱ्यांसाठी!

त्यानं तो उघडला. पडद्यानं विचारलं, ‘परिणामांची जाणीव आहे का?’ बराच वेळ बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यानं ‘हो’ दाबलं.

खाट चौदा रिकामी झाली. आणि हजेरी तिलाच जोडलेली, त्यामुळे हजेरीतलं नाव गेलं आणि दारावरचं कार्डही त्याच क्षणी बंद पडलं. खाली वॉचमन पवारमामा म्हणाले, ‘साहेब, कार्ड गेलं तुमचं. आता परत आत येता यायचं नाही बरं का.’

‘आणि बाहेर?’

पवारमामा त्याच्याकडे बघतच राहिले. ‘बाहेर जायला कार्ड कधी लागतं व्हय?’

मंडळी, चार वर्षं! चार वर्षं तो माणूस रोज संध्याकाळी ते कार्ड दाबून बाहेर पडत होता.

मंगळवारी सकाळी कराडला अनसूयाबाई स्ट्रेचरवर, हिरव्या झग्यात. गिरीधर समोर उभा राहिला. आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ‘सोडलं का रं कंपनीनं?’

‘नाही. मी आलो.’

‘बरं केलंस. आता चपला बाहेर काढ, ही सिस्टर मघाधरनं सगळ्यांवर वरडतीय.’ आणि सिस्टरकडे वळून म्हणाली, ‘चला, घ्या आत.’

झालं ऑपरेशन. नोकरीचं काय झालं? तुम्ही तेच विचारणार, मला माहीत होतं. आईचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. आई बरी आहे. मुलाच्या नोकरीची चौकशी करणाऱ्यांना चहा पाजते.

तर मंडळी, सेवा तीच, जिथून उठून जाता येतं आणि तरी माणूस बसतो. उठायला दुसऱ्याची संमती लागली की वेठ सुरू झाली. आणि निम्म्या वेळा तर ती संमती लागतच नसते, आपणच मागत बसतो.

आता गिरीधरची कीव करत घरी जाल. जाऊ नका. या गोष्टीत आपण गिरीधर कमी आणि चंद्रहास सर जास्त आहोत. सूनबाई म्हणते, चार दिवस माहेरी जाऊन येते, आणि आपण अगदी प्रेमानं म्हणतो, ‘जा की. पण मग देवाचं कोण बघणार?’ पोरगा म्हणतो, मला हे शिकायचं नाही, आणि आपण छातीला हात लावून खाटेवर बसतो. न विचारता आपण कुणाकुणाच्या नावापुढं जबाबदार म्हणून आपलं नाव भरून ठेवलंय?

आज घरी गेल्यावर त्यांच्यातल्या एकाला विचारा — ‘तुला कुठं जायचं राहून गेलं का?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मध्ये बोलू नका. आजच्या दिवसाला तेवढं भजन पुरे.