लिंबाला टांगलेली सलाईन

लातूरच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत पुनम नीट परीक्षेचं पुस्तक पाठ करत उभी होती. पुढं दोन म्हाताऱ्या होत्या.

"केवळाबाई, भूकंपाच्या साली इथंच होता म्हणं तुम्ही?"

"हाव जन्नतबी. पण छत दिसलं की पायच उचलंनात. बाहेर लिंबाखालीच पडले. हुस्ना सिस्टरनं सलाईन फांदीला टांगली."

"डॉक्टर खवळला नसंल?"

"लई! ती म्हणली, सुई माझी, झाड सरकारचं."

पुनमचं बोट पुस्तकातल्या त्याच ओळीवर राहिलं.

"मग आत कधी गेल्या?"

"आठव्या दिवशी तिनं घरून आपलं तान्हं लेकरू आणलं, वॉर्डातल्या खाटेवर निजवलं. म्हणली, आता चला, मावशी."

"गेल्या?"

"लेकरू एकटंच होतं न्हवं आत."